खांबाजवळची तातामी

१

टप्.

रिकाम्या घरात एवढासा आवाजही भांडं पडल्यासारखा वाटतो. आम्ही दारात बूट काढत होतो ते तसेच थबकलो. सुझुना, माझी चार वर्षांची लेक, एक पाय वर धरून कुजबुजली, "आई, घरात कुणीतरी आहे."

"कुणी नाही ग राणी, नळ गळतोय," ओनुमा हसला. ओनुमा म्हणजे आम्हाला घरं दाखवणारा दलाल. पोरगेलासा, नेहमी घाईत, आणि स्टेशनपासूनचं अंतर सांगताना कडेवरचं मूल कधीच न मोजणारा. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "पण पाणी तर बाहेरून बंद आहे. मालकीणबाई वसंतात मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा मीटरपाशी मी माझ्या हातांनी बंद केलं होतं."

तो नळ बघायला धावला. मी न्हाणीघरात डोकावले. इतके महिने बंद असलेल्या घरात मोर्‍यांचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. डझनभर जुनी घरं पाहून मला एवढं नक्की कळलं होतं. इथे वास अजिबात नव्हता. मनात म्हटलं, घर गुणाचं आहे.

मग मी मागच्या खोलीचं सरकतं दार उघडलं. गेल्या रविवारी याच खोलीवर माझा जीव जडला होता. दक्षिणेची मोठी खिडकी, खाली लोकलगाड्यांची ये-जा, आणि जमिनीवर गवताच्या विणीच्या सहा जाड तातामी, एकमेकींना खेटून बसवलेल्या. उन्हानं मधासारख्या पिवळ्या झालेल्या.

आता पाचच होत्या. खांबाच्या कोपर्‍यातली सहावी गायब. तिथे लांबट चौकोनी खड्डा आणि खाली उघड्या फळ्या.

"ओनुमासान," मी हाक मारली, "विकायच्या आधी तुम्ही घर थोडं थोडं काढून नेता का?"

ओनुमा आला आणि बघतच राहिला. त्यानं घाईघाईनं दोन फोन केले. मालकीणबाईंनी दुरुस्तीला दिली नव्हती, ऑफिसनं उचलली नव्हती. दाराचं कुलूप शाबूत होतं.

"पण ही चोरायची वस्तूच नाही हो," तो कळवळून म्हणाला. "तातामी त्या त्या जागेचं माप घेऊन बनवतात. त्यातून ही तर खांबाला बसावी म्हणून एका कोपर्‍यात खाच कापलेली. दुसर्‍या घरात ती बसणारच नाही. चोराला उपयोग काय?"

मी खड्ड्यापाशी उकिडवी बसले. शेजारच्या तातामीवर हिरवट चौकोन होता. मालकीणबाईंचं कपाट तिथे वर्षानुवर्षं उभं असणार, त्याखाली ऊन पोचलंच नव्हतं. तो हिरवा चौकोन खड्ड्याच्या काठाशी येऊन सुरीनं कापल्यासारखा संपत होता. उरलेला अर्धा चौकोन तातामीबरोबर गेला होता.

माझा नवरा तोमोहिरो इतका वेळ दाराचं कुलूप न्याहाळत होता. तिथून तो परत आला.

"हे बघ चिहारु," तो म्हणाला, "जो माणूस कुलूप न तोडता आत येऊन तातामी नेतो, तो उद्या काय नेईल? मी इथे माझ्या पोरीला झोपवणार नाही."

"कुलूप बदलून देतो आम्ही ताबा देताना," ओनुमा म्हणाला.

"कुलूप बदलाल. माझ्या पोटातला गोळा कसा बदलाल?"

सोमवारी सह्या ठरल्या होत्या. आमच्यामागे दुसरं एक जोडपं टपूनच बसलं होतं. मला हे घर हवं होतं. पाळणाघर पुढच्याच गल्लीत, स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि स्टेशनपलीकडच्या वाचनालयात माझी नोकरी अजून माझी वाट बघत होती. सुझुना झाल्यापासून हे तीन धागे मी एकत्र बांधू पाहत होते, आणि गाठ बसत होती ती फक्त या माझ्याहून वयानं मोठ्या इमारतीत.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "तातामी कुणी नेली आणि का, हे मी सांगितलं तर सही करशील?"

"सांगितलंस तर. नाहीतर मी ओनुमांना नाही म्हणून कळवणार."

तेवढ्यात ओनुमा इमारतीच्या रखवालदाराशी बोलून परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"खाली बाहेर पडायचं दार एकच आहे. त्याच्यावर कॅमेरा, लिफ्टमध्येही कॅमेरा. आठवडाभराचं सगळं पाहिलं," तो म्हणाला. "तातामी इमारतीबाहेर गेलेलीच नाही."

२

जुन्या इमारतीत घर घेताना भिंती कमी बघायच्या आणि माणसं जास्त, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. तेव्हा शेजारपाजार्‍यांची दारं ठोठावायला मला निमित्त शोधावं लागलं नाही. तोमोहिरोला ओनुमापाशी सोडून मी सुझुनाचं बोट धरलं आणि शेजारची, ४०३ ची घंटा वाजवली.

निशिगाकीबाईंनी दार उघडलं. साठीच्या, एप्रनवर पिठाचे हात, आणि डोळे असे की आपण घातलेले मोजेही मोजले जावेत.

"तुम्हीच का ते घेणारे? या, या. हे घर मी माझ्या मुलासाठी मागितलं होतं बरं का."

माझे कान टवकारले. "मग? मिळालं नाही?"

"मिळत होतं की. मुलगाच म्हणाला, आई, मधे एकच भिंत आणि पलीकडे तू? त्यापेक्षा मी तंबूत राहीन." त्या स्वतःच खळखळून हसल्या, पण हसणं जरा लवकर संपलं. "तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारून बघेन म्हणते."

म्हणजे आम्हाला पिटाळून लावायचं कारण यांच्याकडे होतं.

सुझुनाला शू लागली होती. आमच्या ४०२ मध्ये संडास कुठे आहे ते पाहिलेलं असल्यामुळे ती तरातरा डावीकडे गेली आणि कपड्यांच्या कपाटात शिरली.

"अग बाळा, माझं घर उलटं आहे," निशिगाकीबाई म्हणाल्या. "तुमचं आणि माझं आरशातल्यासारखं. तुमच्याकडे जे डाव्या हाताला, ते माझ्याकडे उजव्या."

त्यांनी तातामीची खोलीही दाखवली. सहाच्या सहा जागेवर. खांबही होता, पण दुसर्‍या बाजूला.

"या आठवड्यात काही आवाज वगैरे ऐकलात?" मी विचारलं.

"मी काय दाराला कान लावून बसते?" त्या म्हणाल्या, आणि लगेच आवाज खाली आणला. "गुरुवारी संध्याकाळी. जिन्यात. 'उचला, हां, सांभाळून, हां.' दोघं होते. एक दमून टेकत होता आणि दुसरी त्याला हळू आवाजात दटावत होती."

"दुसरी? बाई होती?"

"कुजबुज होती हो, पण पुरुष इतकं छान दटावत नाहीत."

"वर गेले की खाली?"

"आता ते कसं सांगू? कढईत कोलंबी होती. आवाज बाईचा ऐकायचा की तेलाचा?" त्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेली दोन गरम भजी कोंबली. "पण अध्यक्षांना विचारा. ५०२ मध्ये राहतात, तुमच्या बरोब्बर वर. या इमारतीत त्यांना विचारल्याशिवाय कबूतरसुद्धा बसत नाही."

३

इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष तोदोरोकी यांचा आवाज ते दिसायच्या आधी पोचायचा. ते दिसले मात्र, एवढे उंचेपुरे, कमरेत वाकलेले. घरात सांधेदुखीच्या पट्टीचा उग्र वास भरला होता.

"काही नाही हो, जरा लचक भरली," ते म्हणाले आणि पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. "बाळ, गोळी घेणार?"

सुझुनाचं लक्ष गोळीकडे नव्हतं. दाराशी खुंटीवर तांबड्या दोरीनं जोडलेल्या दोन लाकडी टिपर्‍या टांगल्या होत्या.

"वाजव, वाजव," अध्यक्ष खुलले. "डिसेंबर लागला की रोज संध्याकाळी मी या वाजवत इमारतीभोवती फिरतो. 'आग सांभाळा हो, आग सांभाळा!' माझ्या कारकिर्दीत या इमारतीत एक ठिणगी पडलेली नाही."

"आणि यांनी स्वतः सिगारेटही सोडली," आतून त्यांच्या बायकोनं चहा आणता आणता सांगितलं. "नातू झाला त्या दिवसापासून शिवले नाहीत. बाल्कनीत ओढू नका म्हणून प्रत्येक मजल्यावर पाटी लावलीय यांनी."

अध्यक्षांनी पहिली गोळी संपायच्या आत दुसरी सोलली.

मी तातामीचा विषय काढला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"अरेरे. पण पोलीस वगैरे नको हं. एका तातामीसाठी इमारतीचं नाव खराब. मी म्हणतो, तातामी हवीच कशाला? या बघा."

त्यांनी मागची खोली दाखवली. आमच्याच खोलीसारखी, खांब त्याच कोपर्‍यात, पण जमीन सगळी गुळगुळीत लाकडाची. "दहा वर्षं झाली घालून. तुम्हालाही घालून देतो, माझ्याकडून भेट समजा."

ज्यांची ओळख होऊन चहाचा एक कप झाला नव्हता, ते मला खोलीची जमीन भेट देत होते. मी फक्त हसले.

निघताना ते दारापर्यंत आले, कमरेवर हात ठेवून.

"तुम्ही सोमवारी सकाळीच बघायला येणार होतात ना, सह्यांच्या आधी? मध्येच आज कसे आलात?"

"यांना आज सुट्टी मिळाली म्हणून."

"अस्सं. मग सोमवारी पुन्हा या की. तोवर मिळेलही तातामी. कुणी सांगावं!"

जिन्यात मला त्या वाक्याचा अर्थ उमगला आणि मी पायरीवरच थांबले. हरवलेल्या वस्तूबद्दल लोक म्हणतात, मिळाली तर बरं. अध्यक्ष मात्र ती यायची वेळ सांगत होते.

४

रविवारी सकाळी तोमोहिरोनं निकाल देऊन टाकला. "अध्यक्षच. त्या माणसाची कंबर ओरडून सांगतेय."

"पण त्याला तातामी कशाला? त्याच्याकडे लाकडी जमीन आहे."

"मग त्या शेजारीणबाई. आपल्याला घाबरवायला."

"तेच तर कळत नाही," मी म्हटलं. "घाबरवायचं तर काच फोडतील, भिंतीवर काही खरडतील. एवढं धूड जिन्यातून कोण वाहील?"

दारात सुझुना बूट घालत होती. डावा बूट उजव्या पायात कोंबून ती रडवेली झाली होती.

"जात का नाही? दोन्ही सारखेच तर आहेत!"

"सारखे दिसतात ग. पण एक या बाजूला वळतो, एक त्या..."

माझे हात तिच्या बुटावरच थांबले.

"तोमो," मी म्हटलं, "निशिगाकीबाईंचं घर आरशातलं आहे. आपल्या तातामीची खाच त्यांच्या खांबाला बसणारच नाही. डावा बूट उजव्या पायात. ओनुमा म्हणाला ना, दुसर्‍या घरात तिचा उपयोग नाही? एका घरात आहे. ज्याची खोली हुबेहूब तशीच, खांबही त्याच हाताला, त्या घरात. म्हणजे आपल्या वर किंवा आपल्या खाली."

खालच्या दोन मजल्यांवर दाताचा दवाखाना आणि धोबी. वरचा, शेवटचा मजला अध्यक्षांचा, लाकडी जमिनीचा. उरलं ३०२.

"पण तातामी खराब झाली तर माणूस नवी करून घेतो," तोमोहिरो म्हणाला. "चोरतो कशाला?"

"नवी कशी दिसते? हिरवीगार. आणि घरभर कापलेल्या गवताचा वास. जुन्या पिवळ्या पाचांमध्ये एक नवी घातली तर आंधळ्यालासुद्धा कळेल की इथे काहीतरी झालंय. ज्याला ते कळू द्यायचं नाही, त्याला जुनीच हवी. तेवढीच उन्हात पिकलेली."

तोमोहिरोनं सुझुनाचा बूट माझ्या हातातून घेतला आणि योग्य पायात चढवला.

"म्हणजे काहीतरी लपवायचं होतं," तो हळूच म्हणाला. "कुणापासून?"

५

३०२ चं दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. नीटनेटक्या, चष्मा केसांवर चढवलेला.

"मी रित्सुको. आईकडे आलेय, नागोयाहून. शुक्रवारी आले, आज संध्याकाळच्या गाडीनं परत." आम्ही वरचं घर घेतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आई, बघ कोण आलंय!"

कुनिएदा आजी लहानखुर्‍या होत्या, पांढर्‍या केसांचा मऊ अंबाडा मानेवर. डोळे मिश्किल. आमच्या हातातला मिठाईचा पुडा पाहून म्हणाल्या, "राहायला यायच्या आधीच लाच? मग मोठ्यानं भांडणारे दिसताय."

मागच्याच खोलीत आम्ही बसलो. बुटकं मेज, संत्र्यांची परडी, चहा. सहा तातामी. खांबाच्या कोपर्‍यात शोगीचा, म्हणजे आमच्याकडच्या बुद्धिबळाचा, पट मांडलेला आणि त्याला लागून तीन जाड उशा जमिनीवर ओळीनं पसरलेल्या. पाहुणे आम्ही होतो, आणि उशा आम्हाला दिलेल्या नव्हत्या.

"आईची मला फार काळजी वाटते," आजी पाणी ठेवायला उठल्या तसं रित्सुकोबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एकटी राहते. मी ठरवलं होतं, या वेळी नीट बघायचं. गॅस विसरते का, औषधं घेते का. जमत नसेल तर सरळ घेऊन जायचं माझ्याकडे. पण बघा ना, घर कसं लख्ख आहे. आता मलाच लाज वाटतेय."

मी हातातली संत्र्याची फोड खाली ठेवली. कुणापासून लपवायचं होतं, ते माझ्यासमोर बसून संत्रं सोलत होतं.

मी तोमोहिरोकडे पाहिलं. गप्प राहू, उठू, बाहेर जाऊन बोलू, असं सगळं मी डोळ्यांनी सांगत होते. पण आमच्या घरात डोळ्यांची भाषा न शिकलेलं एक माणूस आहे. सुझुनाला तीन उशा म्हणजे आगगाडी दिसली. तिनं इंजिनाला धक्का दिला, आणि गाडी सुटली.

उशांखाली हिरवट चौकोन होता. शेजारच्या तातामीच्या काठाशी सुरीनं कापल्यासारखा संपणारा. अर्धा.

रित्सुकोबाईंच्या हातातली फोड परडीत पडली. त्या याच खोलीत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

"आई," त्यांनी हाक मारली, आणि आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "या कोपर्‍यात आपलं कपाट कधी होतं?"

६

खाली एक लोकल येऊन थांबली आणि गेली.

"नव्हतं," आजी शेवटी म्हणाल्या. "ही तातामी वरची आहे. वरच्या मालकीणबाईंची, फुमिएची. जाताना तिनं किल्ली माझ्याकडे दिली होती. म्हणाली, अधूनमधून मीटरपाशी पाणी सुरू करून नळ सोडत जा ग, मोर्‍या सुकल्या तर वास मारेल आणि घर विकलं जाणार नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला वास आला नसेल."

"नाही आला, आजी. घर गुणाचं वाटलं."

"आणि आपली तातामी?" रित्सुकोबाईंनी विचारलं.

"जळली. डासांची उदबत्ती पडली माझ्या हातून. लक्षात आलं नाही."

"आई!" रित्सुकोबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "याचीच मला भीती होती. आज तातामी, उद्या घर. आता मी ऐकणार नाही. चल माझ्याबरोबर."

आजींनी मान खाली घातली. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच मला खटकलं. भाड्याच्या आमच्या घरात सुझुनानं दूध सांडलं की ती असंच करते, पण फक्त तेव्हा, जेव्हा दूध तिनं सांडलेलं नसतं.

"आजी," मी म्हटलं, "नोव्हेंबर संपत आला. कालपासून आम्ही हीटर लावतोय. डास कुठले?"

आजी दचकल्या. मी उठून कोपर्‍यात गेले. शोगीच्या पटाला दोन बाजू. एका बाजूला आजींची छोटी चपटी उशी, दुसर्‍या बाजूला खांब. खांबाला पाठ टेकून बसणारा माणूस मोठ्या अंगाचा असणार, लाकडावर डोक्याच्या उंचीला तेलकट डाग होता. आजींच्या कितीतरी वर.

"तोमो," मी म्हटलं, "वर जा आणि अध्यक्षांना सांग, तातामी सापडली."

तोदोरोकी आले ते आवाज न करता. एक हात कमरेवर, गालात गोळी. दारातून त्यांनी हिरवा चौकोन पाहिला, रित्सुकोबाईंचे डोळे पाहिले, आणि आजींची खाली गेलेली मान पाहिली.

"डासांची उदबत्ती होती म्हणे," मी म्हटलं.

"अस्सं म्हणाल्या?" त्यांनी गालातली गोळी गिळली. मग कमरेची पर्वा न करता तिथेच गुडघ्यांवर बसले आणि रित्सुकोबाईंपुढे कपाळ जमिनीला टेकवलं. "सिगारेट होती. माझी. दर गुरुवारी दुपारी मी इथे शोगी खेळायला येतो आणि एक, फक्त एक ओढतो. बायकोला ठाऊक नाही. त्या दिवशी ती हातातून निसटली. तुमच्या आईनं किटलीतलं पाणी ओतून विझवली, मी नुसता ओरडत होतो."

"काय ओरडत होता तेही सांगा," आजी म्हणाल्या.

अध्यक्षांचे कान लाल झाले. "आग सांभाळा."

तोमोहिरोला ठसका लागला. रित्सुकोबाईंनी तोंडावर हात धरला. त्या हसत होत्या की रडत, ते त्यांनाही कळत नसावं.

"आणि दुसर्‍या दिवशी रित्सुको येणार होती," आजी सांगू लागल्या. "भोक बघून तिनं काय म्हटलं असतं, ते तुम्ही आत्ता ऐकलंतच. तोदोरोकी खरं सांगायला तयार होते. मीच नको म्हटलं. ती म्हणाली असती, आई दुसर्‍यावर ढकलतेय. वर यांची अब्रू गेली असती ती वेगळीच."

"म्हणून मी म्हणालो, दोन दिवस वरची आणू," अध्यक्ष म्हणाले. "रविवारी रित्सुकोबाई गेल्या की रात्रीतून परत. सोमवारी तुम्ही येणार तेव्हा सगळं जागच्या जागी. तुम्ही शनिवारीच उगवाल हे कुणाला माहीत!"

"मग जळकी तिथे का नाही ठेवलीत?" तोमोहिरोनं विचारलं. "खड्डा तरी दिसला नसता."

"छे! विकाऊ घरात जळल्याची खूण? आग लागलेलं घर म्हणून नाव पडलं असतं. फसवणूक झाली असती ती. नुसती जागा रिकामी असली तर माणसाला वाटतं, दुरुस्तीला दिलीय." ते खरोखरच दुखावले गेले होते. "आम्ही काय चोर आहोत?"

आजी मिश्किलपणे म्हणाल्या, "आणि सिगारेट केव्हा काढतात माहितेय? हरायला लागले की."

"मी हरत नव्हतो!"

"तुमचा राजा कोपर्‍यात होता."

रित्सुकोबाई मात्र आता हसत नव्हत्या. त्या आईजवळ जाऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"तू मला खोटी खोली दाखवलीस, आई."

"तू खोली बघायला आली होतीस का?" आजी मऊपणे म्हणाल्या. "मला वाटलं, तपासायला आलीस. बघायला येशील तेव्हा जळकीच दाखवेन."

रित्सुकोबाईंनी उठून बाह्या वर केल्या आणि हिरव्या चौकोनाची तातामी एका टोकानं उचलली. "चला, कोण दुसरं टोक धरतंय? आमची जळकी कुठंय? घेऊन या खाली. मी आज ती बघूनच गाडीत बसणार."

जळकी अध्यक्षांच्या बाल्कनीत ताडपत्रीखाली होती. त्यांची बायको दार धरून उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही, त्यामुळे अध्यक्ष जिना उतरेपर्यंत आणखी वाकले. निशिगाकीबाई न बोलावता आल्या आणि "उचला, हां, सांभाळून, हां" म्हणत सगळ्यांना दटावू लागल्या. तोमोहिरोनं वरच्या खोलीत खाच खांबाला बसवली आणि पायानं दाबली. हिरवा चौकोन पुरा झाला.

"या इमारतीत चोर नाहीत," तो घाम पुसत म्हणाला. "नुसते लबाड आहेत."

"मग?"

"मग काय? उद्या शिक्का घेऊन येतो सहीला. लबाड शेजारी असले की पोरीला कुणीतरी सांभाळेल तरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खिडकीकडे वळून पुसलं.

उतरताना रित्सुकोबाई जिन्यात थांबल्या होत्या, एकट्याच. त्यांची बॅग दाराशी होती. बाजूला आजींची एकही पिशवी नव्हती.

"पुढच्या महिन्यात पुन्हा येईन म्हणते," त्या म्हणाल्या. "शोगी शिकायला." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुम्ही आता वरच राहणार. कधी खरंच काही झालं, तर सांगाल ना मला?"

मी मान हलवली. होकारार्थी हलवली, पण खालच्या खोलीतून आजींचं आणि अध्यक्षांचं भांडण ऐकू येत होतं, राजा कोपर्‍यात होता की नव्हता याचं, आणि मी नेमकं कुणाला काय वचन देत होते ते मला धड कळलं नाही.

स्टेशनकडे जाताना तोमोहिरो ओनुमाला फोन करत पुढे चालत होता. सुझुना माझ्या कडेवर होती, झोपेनं जड, गाल माझ्या मानेवर. मला वाटलं झोपलीच.

"आई."

"काय ग?"

"रित्सुकोमावशीला आजी हवी होती, म्हणून ती न्यायला आली. आणि मग आजी हवी आहे, म्हणूनच तिला ठेवून गेली. हो ना?"

"हो ग. तसंच काहीसं."

सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडू लागली, मी मात्र तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून तशीच उभी होते.

"मग तू म्हातारी झालीस, की मी तुला न्यायचं, की ठेवून जायचं?"